तणांची लॉग फाइल

सिस्टिम बिघडली की आपण आधी लॉग उघडतो. पण साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या शेताचा लॉग कुठे मिळणार? मिळतो... जळक्या बियांत!

धान्यासोबत आलेलं तणाचं बी जळून कोळसा झालं की टिकतं. त्यावरून जात ओळखायची आणि त्याच जातीची आजची रोपं मोजायची. हिशोब साधा आहे: सकस जमिनीतली तणं भराभर वाढतात, त्यांची पानं मोठी आणि पातळ असतात. निकस जमिनीतल्यांची लहान आणि जाड.

इ.स.पू. ५५०० च्या सुमारास मध्य युरोपात आलेले पहिले शेतकरी जंगल जाळायचे, थोडी वर्षं पिकवायचे आणि पुढे सरकायचे, असं गॉर्डन चाइल्डसारखे दिग्गज मानत. एमी बोगार्ड यांनी २००४ च्या पुस्तकात तणं तपासली. फिरत्या शेतीत जंगलातली बारमाही झाडोरा-तणं हवीत. सापडली ती मुख्यतः एका हंगामात संपणारी, खतावलेल्या आणि खुरपलेल्या जमिनीतली!

म्हणजे ही मंडळी एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षं राबत होती. शेणखत हळूहळू लागू पडतं. पुढच्या वर्षी आपण इथेच असू, ही खात्री असल्याशिवाय ते कोण घालेल? 'माझी जमीन' ही भानगड बहुधा तिथूनच सुरू झाली असावी.