संघ कोणाचा?

माझं फुटबॉलचं वेड कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमवर सामने बघत आम्ही मोठे झालो. पेठेचा संघ हरला की रात्री तालमीसमोर माणसं जमायची आणि कार्यकर्त्यांना तोंडावर जाब विचारायची. संघ कोणाचा, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. तालमीचा, म्हणजे पेठेचा, म्हणजे आपला!

पुढे इंग्लंडमधल्या क्लबांचा इतिहास वाचायला लागलो आणि हाच प्रश्न तिथे किती अवघड आहे ते कळलं. तिथला व्यावसायिक क्लब कायद्याने बहुधा एक कंपनी असतो. ज्याच्या हाती जास्त भाग, तो मालक. तीन पिढ्या एकाच जागी उभं राहून घसा कोरडा करणाऱ्या प्रेक्षकाचं नाव त्या कागदांत कुठेच नसतं. मग कारभार बिघडला, तर त्याने जाब विचारायचा कोणाला? ब्रायटनच्या लोकांवर ही वेळ आली होती. आज त्यांची हकीकत सांगतो.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. इथला ‘ब्रायटन अँड होव्ह अल्बियन’ हा क्लब १९०२ पासून गोल्डस्टोन मैदानावर खेळत होता. १९८३ साली हा संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पोचला, मँचेस्टर युनायटेडशी २-२ असा बरोबरीत खेळला आणि फेरसामन्यात हरला. त्याच वर्षी तो अव्वल विभागातूनही खाली आला. त्यानंतर घसरण आणि कर्ज दोन्ही वाढत गेली.

अशा वेळी क्लबची सूत्रं बिल आर्चर या उद्योजकाकडे आली. क्लबचे नियंत्रक भाग त्यांना अवघ्या ५६ पाउंड २५ पेन्सना मिळाले. ते स्वतः राहायचे दूर लँकेशायरमध्ये. दैनंदिन कारभार डेव्हिड बेलॉटी हे माजी खासदार पाहत. १९९५ च्या उन्हाळ्यात बातमी फुटली, की कर्ज फेडण्यासाठी गोल्डस्टोन मैदान बांधकाम व्यावसायिकांना विकलं आहे. दुसरं मैदान मात्र ठरलेलं नव्हतं. घर विकलं, पण राहायचं कुठे याचा पत्ता नाही!

त्याच सुमारास पेशाने हिशेबनीस असलेल्या एका समर्थकाने क्लबची कागदपत्रं मागवून वाचली. क्लब बंद पडला तर उरलेली मालमत्ता भागधारकांनी वाटून न घेता दुसऱ्या क्रीडासंस्थेला द्यावी, असं जुन्या घटनेत एक कलम होतं. नव्या घटनेत ते गायब होतं. स्थानिक वर्तमानपत्राने हे उघड केलं, बोभाटा झाला आणि कलम परत घालावं लागलं. मैदानावरच्या शंभर घोषणांनी जे झालं नसतं, ते एका माणसाच्या वाचनाने झालं.

पण संतापालाही वाट हवी होती. २७ एप्रिल १९९६ रोजी यॉर्क सिटीविरुद्धच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला प्रेक्षक मैदानात घुसले. गोलपोस्ट मोडले, सामना रद्द झाला. काही दिवसांतच गोल्डस्टोन आणखी एका हंगामासाठी भाड्याने मिळालं. म्हणजे दंगा केला की काम होतं, असा धडा कोणी घेतला असेल तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र पुढच्याच हंगामात प्रेक्षक पुन्हा मैदानात उतरले आणि फुटबॉल असोसिएशनने ब्रायटनचे दोन गुण कापले. संघ तेव्हा चौथ्या, म्हणजे लीगच्या शेवटच्या विभागात होता आणि तिथेही तळाला. एका टप्प्यावर तो वरच्या संघापेक्षा दहाहून अधिक गुणांनी मागे होता. तळाचा संघ लीगच्या बाहेर जाणार होता. मालकांवर उगारलेली काठी आपल्याच पोराच्या डोक्यात बसली!

याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. प्लिमथ संघाच्या एका तरुण समर्थकाने सुचवलं, की सगळ्या क्लबांच्या चाहत्यांनी एकदा ब्रायटनला जमावं. ८ फेब्रुवारी १९९७ रोजी देशभरातून आणि परदेशातूनही लोक आपापल्या संघाचे रंग अंगावर घालून गोल्डस्टोनवर आले. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ब्रायटनने हार्टलपूलला ५-० असं हरवलं. आज तुमच्या क्लबवर आलेली वेळ उद्या आमच्यावर येईल, हे सगळ्यांना उमगलं होतं.

२६ एप्रिलला गोल्डस्टोनवरचा शेवटचा सामना डॉनकास्टरविरुद्ध १-० असा जिंकला. लोकांनी आठवण म्हणून गवताचे तुकडे घरी नेले. ३ मे रोजी हेरफर्डच्या मैदानावर निकाल लागणार होता. हरेल तो लीगबाहेर, बरोबरी झाली तर ब्रायटन वाचणार. स्वयंगोलामुळे ब्रायटन मागे पडलं, पण दुसऱ्या डावात रॉबी रेनेल्टने बरोबरी साधली. दोन्ही संघांचे गुण ४७. ब्रायटनचे गोल ५३ आणि हेरफर्डचे ५०. तेवढ्या तीन गोलांवर क्लब तरला.

मला इथे हेरफर्डच्या प्रेक्षकांची आठवण होते. त्यांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? त्यांचा क्लब लीगबाहेर गेला आणि २०१४ मध्ये बंद पडला. पुढे तिथल्या लोकांनी नवा क्लब उभा केला. एकाचा आनंद दुसऱ्याच्या अश्रूंवर उभा असतो, हे खेळाचं कटू सत्य आहे.

ब्रायटनमध्ये वाटाघाटी होऊन डिक नाइट या समर्थकाच्या नेतृत्वाखालील गटाकडे कारभार आला. पण खरी परीक्षा पुढेच होती. दोन हंगाम संघ शंभराहून अधिक किलोमीटर दूर जिलिंगहॅमला ‘घरचे’ सामने खेळला. १९९९ पासून विद्दीन इथल्या अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानात, तात्पुरत्या बाकांवर पावसात भिजत लोक बसले. तब्बल बारा हंगाम! फामर इथल्या नव्या स्टेडियमसाठी मतदान, चौकश्या, अर्ज, निवेदनं चालू होती. २००५ मध्ये सरकारी परवानगी मिळाली, न्यायालयात अडकली आणि २००७ मध्ये पुन्हा मिळाली. समर्थकांनी ना चिकाटी सोडली, ना विनोदबुद्धी. टोनी ब्लूम या जन्मापासूनच्या चाहत्याने पैसा उभा केला आणि २०११ मध्ये स्टेडियम उघडलं. लीगमधला तिथला पहिला सामना कोणाशी झाला असेल? त्याच डॉनकास्टरशी! ब्रायटनने तो २-१ असा जिंकला. २०१७ मध्ये संघ ३४ वर्षांनी अव्वल विभागात परतला.

शेवटी धनवान मालकच लागला ना, असं कोणी म्हणेल. खरंच आहे ते. पण त्याने पैसा घालावा असा क्लब तोवर जिवंत ठेवला कोणी? कागद वाचणाऱ्यांनी, सह्या गोळा करणाऱ्यांनी, भर पावसात तिकीट काढून बसणाऱ्यांनी. राग त्यांना रस्त्यावर घेऊन आला, पण मुक्कामाला पोचवलं ते चिकाटीने.

इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा झाला. त्यानुसार वरच्या पाच विभागांतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाच्या संमतीशिवाय मैदान विकता येणार नाही आणि महत्त्वाच्या बाबतींत समर्थकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. कोल्हापुरात तालमीसमोर जमणाऱ्या माणसांना जो हक्क न मागता मिळाला होता, तो कागदावर यायला तिथे असा काळ जावा लागला.