नवजात बालकांची घरोघरी काळजी

नवजात बालकांची घरोघरी काळजी ही जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकेने घरी जाऊन बाळाला प्राथमिक वैद्यकीय सेवा देण्याची पद्धत आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात ती विकसित केली.

पार्श्वभूमी

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस हा नवजात काळ मानला जातो. १९९०च्या दशकात गडचिरोलीच्या ग्रामीण भागात बहुतेक प्रसूती घरीच होत. बाळंतीण व बाळ घराबाहेर पडत नसत; रुग्णालय दूर असे आणि तेथील खर्च अनेकांना परवडत नसे. दूध कमी ओढणे, अंग थंड पडणे, रडणे क्षीण होणे अशी नवजात बालकाच्या आजाराची लक्षणे सहज नजरेतून सुटतात. त्यामुळे उपचारांची गरज असलेल्या फारच थोड्या बालकांना ते मिळत.

क्षेत्रीय प्रयोग

१९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली. प्रत्यक्ष घरोघरी सेवा १९९५ पासून सुरू झाली. गावातीलच साक्षर स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी दाईसोबत उपस्थित राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे, वजन व तापमान मोजणे, बाळाला ऊब देणे आणि स्तनपानास मदत करणे ही त्यांची कामे होती. जंतुसंसर्गाची लक्षणे आढळल्यास त्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला देत. ते शक्य नसल्यास कुटुंबाच्या संमतीने घरीच प्रतिजैविकांचे उपचार करत. त्यांच्या कामाची डॉक्टरांकडून नियमित तपासणी होई.

परिणाम

तुलनेच्या गावांच्या संदर्भात, सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरातील निव्वळ घट ६२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रसार

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये आशा स्वयंसेविकांमार्फत ही सेवा देशपातळीवर सुरू केली. संस्थेत जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. या कार्यक्रमात तपासणी, सल्ला व वेळेवर रुग्णालयात पाठवणे यांवर भर आहे.

मर्यादा

ही सेवा रुग्णालयाला पर्याय नाही. अत्यंत कमी दिवसांची बालके व शस्त्रक्रियेची गरज असलेली जन्मजात व्यंगे यांसाठी विशेष उपचार लागतात. प्रशिक्षण, औषधपुरवठा व देखरेख यांत खंड पडल्यास गृहभेटीचा लाभही घटतो.