पीएम २.५ : कायद्यात हवा सर्वांची सारखी, मोजणीत मात्र नाही

थंडी सुरू झाली की मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूरच्या बातम्यांत ‘एक्यूआय’ हा शब्द दिसू लागतो. चार दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. वस्त्यांमध्ये काम करताना तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात : हवेसाठी कायदा आहे का? तो आपल्या वस्तीला लागू आहे का? त्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

पीएम २.५ म्हणजे काय?

२.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. हे कण नाकात अडकत नाहीत. फुफ्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही मिसळतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका त्यामुळे वाढतो. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यूंशी वायुप्रदूषणाचा संबंध होता.

हे कण मुख्यतः जळण्यातून येतात : कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंपासूनही ते हवेत तयार होतात. रस्त्यावरची डोळ्यांना दिसणारी धूळ मात्र बहुतांशी जाड कणांची असते.

मानक काय सांगते?

१९८१ च्या वायु कायद्याखाली केंद्रात आणि राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळे काम करतात. केंद्रीय मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी सध्याची मानके जाहीर केली. पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ४० आणि २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे.

यातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. १९९४ च्या मानकांत औद्योगिक भागाला वेगळी, सैल मर्यादा होती. श्वासावाटे जाणाऱ्या धूलिकणांसाठी निवासी भागात वार्षिक ६०, तर औद्योगिक भागात १२०. म्हणजे कारखान्याशेजारी राहणाऱ्याने दुप्पट धूळ सोसावी, हे कागदावरच मान्य होते. २००९ मध्ये हा भेद गेला. कायद्यापुरते तरी चेंबूर आणि मलबार हिल यांना आता एकच मर्यादा आहे.

पण ही मर्यादाच ढिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस वार्षिक ५ आणि २४ तासांसाठी १५ आहे. गरीब देशांसाठी सुचवलेला पहिला टप्पाही ३५ चा आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये वार्षिक १५ ची मर्यादा घातली, २०१२ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये ९ केली. आपल्याकडे २००९ चेच आकडे चालू आहेत. एक्यूआयमध्ये ३१ ते ६० पर्यंतचे पीएम २.५ ‘समाधानकारक’ गणले जाते. ५० ची नोंद झाली की पडद्यावर ‘समाधानकारक’ दिसते. जागतिक शिफारशीच्या ती तिपटीहून जास्त असते.

पैसा कुठे जातो?

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. मूळ उद्दिष्टात पीएम १० आणि पीएम २.५ दोन्ही होते. प्रत्यक्षात शहरांची कामगिरी पीएम १० वर, म्हणजे जाड धूळ धरून, जोखली जाते. परिणाम उघड आहे. ‘सीएसई’ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ६४ टक्के निधी रस्त्यावरील धुळीवर गेला होता, उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. झाडू मारणारी यंत्रे आणि कारंजी यांनी धूळ बसते, चिमणीचा धूर थांबत नाही. औष्णिक वीज प्रकल्पांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये केलेले सल्फर डायऑक्साइडचे नियमही वारंवार पुढे ढकलले गेले आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली.

मोजणी कुणाच्या हवेची?

शहराचा आकडा हा मोजक्या केंद्रांची सरासरी असतो. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले तेव्हा मुंबईभर धूर पसरला आणि बातमी झाली. लहान आगींचा धूर गोवंडीबाहेर जात नाही, तेव्हा बातमी होत नाही. सफाई कामगार, नाक्यावरचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबे, चुलीपुढची बाई यांचा श्वास सरासरीत हरवतो. घर कुठे मिळाले आणि काम कोणते वाट्याला आले, यावर फुफ्फुसात किती धूर जाणार हे ठरते. आपल्या समाजात ही दोन्ही उत्तरे जातीने दिली आहेत. म्हणून मोजणी केंद्र कुठे बसवायचे हा आमच्या मते सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आपल्या हातात काय?

- संविधानिक आधार : सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात धरले. निवेदनात हा उल्लेख जरूर करावा.
- माहिती अधिकार : जवळच्या कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र आणि तपासणी अहवाल मागावेत. धुराची मर्यादा आणि अटी त्यातच असतात.
- कचरा जाळणे : उघड्यावर कचरा जाळण्यास नियमाने बंदी आहे. फोटो, तारीख, वेळ आणि जागा लिहून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी.
- बांधकाम : ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने पत्र्याचे कुंपण, पाणी फवारणी, राडारोडा झाकून नेणे असे नियम काढले. आपल्या गल्लीतल्या साइटवर ते पाळले जातात का, हे कुणालाही पाहता येते.
- हरित न्यायाधिकरण : पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, म्हणून नोंदी सुरुवातीपासून ठेवाव्यात.

जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये वायु कायद्यातील अनेक गुन्ह्यांची कैद काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आणला. मोठ्या कंपनीला हा दंड जड नाही. त्यामुळे लोकांनी ठेवलेल्या नोंदींचे महत्त्व वाढले आहे.

सुरुवात ‘समीर’ या सरकारी अॅपपासून करता येईल. आपल्या वस्तीला सर्वांत जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे ते पाहावे. ते दूर असेल, तर वस्तीत मोजणी करा ही पहिली लेखी मागणी मंडळाकडे जायला हवी. मोजणीच झाली नाही तर मर्यादा ओलांडल्याचे सिद्ध करता येत नाही.