चादर धरणाऱ्या सरस्वतीबाई

मागे आम्ही गटाच्या हळदीचा व्हिडिओ मोबाइलवर काढायला बसलो होतो. घर माळवदाचं, भिंती मातीच्या. उजेडाला एक दार आणि वर एक भोक. बोलणारीचं तोंडच दिसेना. शेवटी दाराबाहेर उन्हात पांढरी चादर अशी ताणली, की तिच्यावरचं ऊन आत परतावं. तेव्हा कुठं चेहरा उजळला. आम्हाला वाटलं, काय युक्ती काढली! पण ती शंभर वर्षांहून जुनी निघाली, आणि एका मराठी बाईच्या हातातली.

१९१२ साली दादासाहेब फाळके मुंबईत दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ काढत होते. तेव्हाच्या फिल्मला इतका उजेड लागायचा, की भर दुपारीसुद्धा खोलीत चित्र उठायचं नाही. म्हणून राजाचा महालसुद्धा उघड्यावर. रंगवलेले पडदे उभे करायचे आणि वर छप्पर ठेवायचं नाही. पण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली आणि गालावर काळी सावली पडते. आरसा धरला तर त्याचा कवडसा एकाच जागी पडून डोळे दिपतात. पांढरं कापड मात्र ऊन पसरून देतं आणि सावली मऊ होते. ते कापड धरून दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई तासन् तास उन्हात उभ्या राहायच्या.

एवढ्यानं दिवस संपायचा नाही. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. भांडवल उभं करताना दागिनेही त्यांचेच गेले. सिनेमात तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष. पडद्यावर यायला तेव्हा बायका तयार नव्हत्या. ३ मे १९१३ ला गिरगावात सिनेमा लागला.

एक गंमत सांगतो. त्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, कुंकू काळं उमटायचं. पण म्हणूनच लाल दिव्याच्या उजेडात ती धुता यायची.

पुढं १९२३ मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’मधले रात्रीचे प्रसंग विजेच्या दिव्यांवर घेतले. दिवे आले, तरी कापड सुटलं नाही. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या वाड्याचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधला होता. तिथं सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्याच्यावर दिवे मारले. परतून आलेला उजेड आभाळातून उतरल्यासारखा वाटला. त्यांचं हे काम जगभर नावाजलं गेलं, आणि ते होतंही तसंच.

सरस्वतीबाईंची ओळख पुष्कळांना झाली ती २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार मात्र १९६९ पासून दिला जातो.

त्या दिवशी चादर धरायला आम्ही पाळ्या लावल्या होत्या. दहा मिनिटांत हात भरून यायचे. व्हिडिओ संपला तेव्हा जी बोलत होती तिनं आधी विचारलं, चादर कोणी धरली होती, तिचंही नाव सांगू का?