एक कोंकरा, एक घर

मिसर देशांतून सुटकेच्या रात्रीं देवाची आज्ञा झाली कीं, वल्हांडणाचा कोंकरा एकाच घरांत खावा व त्याचें हाड मोडूं नये. तो कोंकरा प्रभु येशू ख्रिस्तच, असें संत पौल शिकवितात. मग तें एक घर कोणतें?

इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा नगरीचे बिशप संत पोलिकार्प रोमास आले. आशियांतील ख्रिस्ती जन हा सण निसानच्या १४ व्या दिवशीं पाळीत, रोमकर रविवारीं. पोप संत अनिसेत व पोलिकार्प यांस परस्परांचें मन वळवितां आलें नाहीं. तरी पोपमहाराजांनीं त्यांस मानानें मिस्सा अर्पूं दिली व उभयतां शांतीनें निरोप घेते झाले. तिथि दोन, कोंकरा एक.

प्रिय ख्रिस्तजनहो, भावाशीं अबोला धरून जो ख्रिस्तशरीर घेतो, तो कोंकरा दुसऱ्या घरीं नेतो, असें आम्ही समजतों. तो अबोला सुटो.