वाक्यातला कर्ता शोधा



मागे आपण लढायांबद्दल बोललो. आज विषय भाषणांचा आहे. फौजी माणसाने भाषणांवर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण भाषणाने माणसे मरायला तयार होतात, मारायलाही तयार होतात. म्हणून शस्त्राइतकाच भाषणाचा अभ्यास करायला हवा, असे माझे मत आहे.

शाळेत आपण अलंकार शिकलो. उपमा, रूपक, अनुप्रास, विरोधाभास. परीक्षेत उदाहरण लिहिले की पाच गुण मिळत. पण हेच अलंकार राजकीय भाषणात येतात तेव्हा ते काय काम करतात, हे कोणी सांगितले नाही. आज मी एकाच सभागृहातली दोन भाषणे घेतो. जागा दिल्लीतले घटना समितीचे सभागृह, म्हणजे आजच्या संविधान सदनातला मध्यवर्ती कक्ष. पहिले भाषण १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे, पंडित नेहरूंचे. दुसरे २५ नोव्हेंबर १९४९ चे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मध्ये अंतर सव्वादोन वर्षांचे.

आधी नेहरू. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते. रात्री अकराला बैठक सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला सभासदांनी शपथ घ्यायची होती. नेहरूंच्या भाषणातली पहिली मोठी प्रतिमा कराराची आहे: फार वर्षांपूर्वी आपण नियतीशी एक करार केला होता, तो पाळण्याची वेळ आली. दुसरी प्रतिमा जागृतीची: जग झोपलेले असताना भारत जागा होईल. खरे तर त्या क्षणी निम्म्या जगात दिवस होता! पण ऐकणाऱ्याला घड्याळाचा हिशोब सुचत नाही, त्याला पहाट दिसते. हीच रूपकाची ताकद.

याच भाषणात त्यांनी एक प्रांजळ कबुली दिली. करार आपण पूर्णपणे नव्हे, पण बऱ्याच अंशी पाळतो आहोत, असे ते म्हणाले. देशाची फाळणी झाली होती, तिची ही जाणीव. उत्सवाच्या रात्री असे बोलायला धैर्य लागते.

मग तिसरी प्रतिमा येते, ती प्रसूतीची. स्वातंत्र्याच्या जन्माआधी आपण वेणा सोसल्या, त्यांतल्या काही अजून चालू आहेत, अशा अर्थाचे ते बोलले. इथे थोडे थांबूया.

त्या रात्री पंजाबात काय चालले होते? १ ऑगस्टपासून तिथे पंजाब बाउंड्री फोर्स उभी होती. कमांडर मेजर जनरल रीस. बारा जिल्हे आणि कागदावर सुमारे ५० हजार सैनिक. सीमारेषा कुठून जाणार हे लोकांना १७ ऑगस्टला कळले, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. महिन्याभरात ही फोर्स मोडीत काढावी लागली. फाळणीत एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. मृतांचा आकडा लाखांत गेला.

आता वेणांचे रूपक पुन्हा ऐका. वेणा कोण देते? कोणीच नाही. त्या निसर्गाने येतात आणि बाळ झाले की संपतात. या रूपकात दुःख आहे, करुणा आहे, पण कर्ता नाही. कोणी आग लावली, कोणी आदेश दिला, कोणी डोळेझाक केली, हे प्रश्नच उठत नाहीत.

आमच्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत असे वाक्य चालत नाही. 'फायरिंग झाले' असे कोणी सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणी केले, कोणाच्या हुकमावरून, किती वाजता? मराठीत तर ही सोय व्याकरणानेच दिली आहे. 'आम्ही चूक केली' म्हणायला जड जाते, 'चूक झाली' म्हणायला सोपे. आकडे बदलत नाहीत, घटना बदलत नाही, फक्त कर्ता गायब होतो.

नेहरूंवर अन्याय नको. त्या रात्री ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून एखाद्या जमातीचे नाव घेतले असते, तर सकाळपर्यंत आणखी गावे जळाली असती. पेटलेल्या मुलखात ड्यूटी केलेल्या कोणालाही हे समजेल. काही वेळा कर्ता न सांगणे हीच जबाबदारी असते. शिवाय पुढच्या कामाबद्दल बोलताना त्यांनी कर्ता लपवला नाही. जबाबदारी या सभागृहावर आहे, हे स्पष्ट म्हटले. पण रूपक हे उधारीसारखे असते. त्या रात्री जे बोलता आले नाही, ते पुढे कधीतरी बोलावे लागते. नाही बोलले तर व्याज चढत जाते.

आता बाबासाहेब. त्यांच्या भाषणाची सुरुवात अगदी हिशोबाची आहे. घटना समितीला लागलेला काळ २ वर्षे ११ महिने १७ दिवस. मसुदा समितीचे काम १४१ दिवस. दाखल सूचना सुमारे ७,६३५, प्रत्यक्ष मांडलेल्या २,४७३. उशीर झाला म्हणणाऱ्यांना त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे कालावधी मोजून दाखवले. फौजेत हुकूम देताना आधी परिस्थिती सांगतात, मग उद्दिष्ट. तीच ही पद्धत.

त्यानंतर अलंकार येतो, तो पुनरावृत्तीचा. भारत आपले स्वातंत्र्य पुन्हा गमावणार का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि एकामागून एक प्रसंग मांडले. सिंधमध्ये राजा दाहिरचे सेनापती लाच घेऊन बाजूला झाले. जयचंदाने घोरीला बोलावले. शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठे सरदार आणि राजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. इंग्रज शिखांचे राज्य बुडवत असताना गुलाबसिंग गप्प बसला. प्रत्येक वाक्यात कर्ता आहे. यात मराठ्यांनाही सूट नाही. आपण मराठी माणसे, मग इंदूरला राहत असू, बडोद्याला की तंजावरला, हे वाक्य जरा सावकाश ऐकावे.

कोणी म्हणेल, जयचंदाची कथा इतिहासकारांना आज संशयास्पद वाटते. बरोबर आहे. पण नाव घेतले म्हणूनच तपासता आले! ज्या वाक्यात कर्ताच नाही ते खोटे ठरवणार तरी कसे?

त्यांचे दुसरे हत्यार विरोधी जोडीचे. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करू, असे ते म्हणाले: राजकारणात समता, समाजात आणि अर्थकारणात विषमता. भक्तीबद्दलही तसेच. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे जाणारी वाट. वारकऱ्यांच्या मुलखातला माणूस हा शब्द हलक्याने वापरत नाही. आधी भक्तीला तिचा मान दिला, मग तिची हद्द आखली. इथे विरोधी जोडीने काही झाकले नाही, उलट दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचे वाक्य साधे आहे, त्यात अलंकार जवळपास नाहीच. स्वातंत्र्यामुळे इंग्रजांना दोष देण्याची सबब आपण गमावली. यापुढे काही बिघडले तर दोष आपलाच, असे त्यांनी बजावले. इथे कर्ता आहे 'आपण'. त्यात बोलणारा स्वतःही येतो. पदके वाटताना 'आम्ही' आणि पराभव सांगताना 'ते', असा हिशोब नाही.

तेव्हा मंडळी, अलंकार वाईट नसतो. त्याच्याशिवाय मोठा जनसमुदाय हलत नाही. पुढच्या सभेला जाल, किंवा फोनवर कोणाचे भाषण ऐकाल, कुठल्याही पक्षाचे असो, तेव्हा टाळी वाजवण्याआधी तीन गोष्टी बघा. वक्त्याने परिस्थिती आधी सांगितली का? दुखऱ्या जागेवर आला तेव्हा वाक्यात कर्ता होता का? आणि दोष वाटताना त्याने स्वतःचे नाव यादीत ठेवले का?

तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर खुशाल टाळी वाजवा. ती टाळी त्या वक्त्याने कमावलेली असेल.

पुन्हा भेटू. जयहिंद.