तत्त्वज्ञांची उधारी

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक मरतो, ही गोष्ट लोकांना पटायला जरा जड जाते. डॉक्टर आजारी पडला की आपण हसतो, न्हाव्याची दाढी वाढली की हसतो. पण तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक गेला की आपण नकळत त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहतो. मृत्यू म्हणजे काय, यावर या गृहस्थांनी तीस वर्षं तास घेतलेले. आता परीक्षा त्यांची. निदान पास क्लास तरी मिळाला का, एवढंच आपल्याला बघायचं असतं.

मी नाशिकचा. म्हणजे मरणाच्या बाबतीत घरचाच माणूस. काशीला माणूस मरायला जातो, नाशकाला मेल्यावर येतो. स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याच्या हातात फडक्यात बांधलेलं गाडगं दिसलं की रिक्षावाला पत्ता विचारीत नाही. सरळ रामकुंडाकडे निघतो. तिथले तीर्थोपाध्याय तुमचं आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि लांबट वह्यांच्या गठ्ठ्यातून तुमचे पणजोबा काढून दाखवतात. कोण, कुठला, कोणाच्या क्रियेला आला, सगळं त्यात नोंदलेलं. गेलेल्या माणसाला आयुष्यभर काय वाटत होतं, याचा रकाना मात्र त्या वहीत नाही. तो कोणी ठेवायचा, हा प्रश्न मला आमच्या सरांमुळे पडला.

सर म्हणजे आमच्या गल्लीतले तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. नोकरीच्या अखेरच्या वर्षी त्यांच्या वर्गात दोन जण बसत. एक विद्यार्थी, आणि दुसरा त्याला सिनेमाला न्यायला आलेला मित्र. सर सांगत, "प्रश्न विचारायचा तो मित्रच हो!" सर निवृत्त झाले आणि त्यांच्या कॉलेजात विषयही निवृत्त झाला.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला मरणाची भीती वाटते का हो?"

"मरणाची नाही. त्या दिवशी जमलेल्या मंडळींच्या चहाला दूध पुरेल का, याची वाटते."

मी हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "अहो, विनोद नाही. आगरकर वाचा."

आता आगरकर आपल्याला माहीत असतात ते सुधारक म्हणून. पण पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर गृहस्थ मास्तर होते. इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवीत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली ऐन तारुण्यात वारले आणि त्या खुर्चीवर आगरकर बसले. परलोक, श्राद्ध, पिंडदान यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि 'सुधारक' पत्रातून ते तसं उघड लिहीत. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी याला जे उत्तर दिलं ते तर्कशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही. त्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. आगरकर जिवंत असताना! एरवी आपल्या अंत्ययात्रेला किती माणसं येतील, ही उत्सुकता माणसाला मरेपर्यंत छळते आणि मेल्यावर ती भागवायची सोय नसते. आगरकरांची ती सोय पुणेकरांनी फुकटात केली.

खरी यात्रा फार दूर नव्हती. दम्यानं माणूस पोखरला होता. १७ जून १८९५ रोजी ते गेले. एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाभर कमी. आणि असं सांगतात, की त्यांच्या पश्चात एक पुरचुंडी सापडली. स्वतःच्या दहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते. परलोकात ज्याचं खातं नाही, त्यानं इहलोकातली बाकी शून्य करून ठेवली. ज्यांच्याशी दोस्ती होती आणि पुढे कडाक्याचं वितुष्ट आलं, त्या टिळकांनीच 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. तो सांगताना त्यांना रडू आवरेना, असंही म्हणतात. सनातन्यांनी काढलेल्या यात्रेला जमलेली गर्दी मोठी असेल, पण या मृत्युलेखाची सर तिला नाही.

बाहेरच्या जगात पाहावं तर तत्त्वज्ञांच्या मरणांचे नमुने नाना परीचे. सॉक्रेटिसाला विषाचा पेला मिळाला हे सगळ्यांना ठाऊक. १९३६ साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या जिन्यावर मॉरिट्झ श्लिक या प्राध्यापकाला त्याच्याच एका माजी विद्यार्थ्यानं गोळी घातली. (सरांचा वर्ग रिकामा असे, त्याचा हा एक फायदा.) जेरेमी बेंथम हे प्राध्यापक नव्हते, पण १८३२ साली मेले तरी १८५० पासून कॉलेजात हजर आहेत, त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचा सांगाडा कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलेला आहे. एवढी हजेरी भरलेला दुसरा माणूस शिक्षणक्षेत्रात झाला नसेल. आणि ऑक्सफर्डचे ए. जे. एअर! देव नाही, परलोक नाही, असं जन्मभर बजावलेला माणूस. १९८८ साली त्यांच्या घशात सॅमन माशाचा तुकडा अडकला आणि हृदय चार मिनिटं बंद पडलं. शुद्धीवर आल्यावर, आपल्याला एक लाल प्रकाश दिसला, असा त्यांनी रीतसर लेख लिहिला. देवमाणसं हरखली. मग एअरनी खुलासा केला की परलोकावर आपला अजूनही विश्वास बसलेला नाही. पुढच्या वर्षी ते खरोखरच गेले. लेख आला नाही.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही तितकीच पक्की. रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजे गुरुदेव रानडे, १८८६ साली जमखंडीत जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकवलं, सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकवलं. तिशी उलटल्यावर ते एवढे आजारी पडले की जगण्याची शाश्वती राहिली नाही. लोक निरोपाची भाषा योजू लागले असतील. रानड्यांनी मात्र त्यातून उठून १९२६ साली उपनिषदांवरचा तो गाजलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, १९२७ साली अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावर आणखी एक जाडजूड ग्रंथ दिला. ओढ मात्र विजापूरकडच्या निंबाळची. एवढा मोठा प्राध्यापक आडबाजूच्या एका रेल्वे स्टेशनाजवळ घर करून नामस्मरण करीत बसे. तिथेच ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला. आगरकर देव न मानून गेले, रानडे देव मानून गेले. दोघांनीही कामाची थकबाकी ठेवली नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्याचा धागा इथे एका वारकरी प्राध्यापकाशी जुळतो. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. आणि निवृत्तिनाथांचं नाव आलं की मागोमाग त्यांचे शिष्य आणि धाकटे बंधू ज्ञानेश्वर आलेच. त्या ज्ञानेश्वरांपायी ज्यांनी आयुष्य वेचलं ते शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत, पुढे तिथे प्राचार्यही झाले. आठवडाभर वर्गात प्लेटो, एकादशीला देवळात कीर्तन. विद्यार्थी आणि टाळकरी, दोन्ही बाजूंनी त्यांना आपलंच मानलं. १९६८ साली ते गेले. दोन ठिकाणी नोंद असलेला माणूस जाताना दुप्पट रिकामं करून जातो.

आणि माणसांसारखंच संस्थांचंही असतं. नाशकाहून मालेगाव, धुळे करीत एसटीनं अमळनेरला गेलं की तिथे तत्त्वज्ञान मंदिर आहे. १९१६ साली गिरणीमालक प्रताप शेठजींनी ते काढलं. सुताच्या नफ्यातून अद्वैताचा अभ्यास! कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे येऊन संचालक झाले होते. ब्रह्मावर चिंतन करायचं आणि त्यासाठी वर शिष्यवृत्ती घ्यायची, अशी चैन हिंदुस्थानात फार ठिकाणी नव्हती. साने गुरुजी १९२३ साली इथे आले खरे. पण पुढच्याच वर्षी अमळनेरच्या शाळेत मास्तर झाले. ब्रह्मापेक्षा पोरं त्यांना अधिक खरी वाटली असावीत. इथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक पुढे थांबलं. पण १९७३ पासून पुणे विद्यापीठातून दुसरं त्रैमासिक निघू लागलं. दे. द. वाडेकरांनी १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड पुरे केले. मे. पुं. रेगे सत्तरीत पोचल्यावर मराठी विश्वकोशाचा गाडा ओढायला बसले आणि २००० साली जाईपर्यंत ओढत राहिले. आपण पाहणार नाही अशा वर्गासाठी धडे तयार करायचे, हा या लोकांचा धंदाच.

सर तीन वर्षांपूर्वी गेले. थंडीचे दिवस, झोपेतच. त्यांच्या टेबलावर एक लिफाफा होता. त्यात दूधवाल्याचे आणि पेपरवाल्याचे महिन्याचे पैसे वेगवेगळे बांधलेले. वाचनालयाच्या परत करायच्या दोन पुस्तकांची नावं. कुठली पुस्तकं कुठल्या जुन्या विद्यार्थ्याला द्यायची त्याची यादी. आणि शेवटी एक ओळ: 'अस्थी रामकुंडात सोडायच्या की नाही, हे मुलांनी ठरवावे. त्या वेळी मला मत नसेल.' यादीत त्या सिनेमावाल्या मित्राचंही नाव होतं. तो आला, एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून कितीतरी वेळ अंगणात उभा राहिला, आणि डोळे पुसत निघून गेला.

चहाला दूध पुरलं. सरांनी त्या दिवसापुरतं दोन लिटर जादा हिशेबात धरलं होतं.

या सगळ्या प्राध्यापकांची आयुष्यं वाचून मला एवढंच कळलं, की मरणापलीकडचं त्यांतल्या कोणालाच आपल्यापेक्षा जास्त ठाऊक नव्हतं. अलीकडचं मात्र ते फार नेटकं ठेवीत. वहीतला तो रिकामा रकाना माणूस गेल्यावर दुसऱ्यानं भरायचा नसतो. ज्यानं त्यानं तो रोज थोडा थोडा भरायचा असतो.

हा विचार मला इतका पटला की काल मी वाण्याकडे जाऊन तीन महिन्यांची उधारी एकरकमी चुकती केली. वाण्यानं नोटा दोनदा मोजल्या, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं,

"काका, तब्येत बरी आहे ना?"